नव्या सुपरवायझरसाठी प्रेरणेचे सिद्धांत: कुठला, कधी आणि कसा वापरायचा

"पोरं मन लावून काम करत नाहीत" ही तक्रार घेऊन नवा सुपरवायझर बहुतेक वेळा थेट उपायाकडे धावतो. महिन्याच्या उत्तम कामगाराचा फोटो लावणं, हजेरी बक्षीस, नाहीतर सरळ झापणं. यातलं काही कधी चालतं, कधी चालत नाही, आणि दोन्ही वेळा कारण कळत नाही. प्रेरणेचे सिद्धांत कामाला येतात ते कारण शोधायला. भाषण करायला त्यांचा काही उपयोग नाही.

हा लेख साधारण १५ ते ४० माणसांच्या युनिटसाठी आहे. भोसरी, सातपूर किंवा बुटीबोरीतलं मशीन शॉप, पॅकिंग लाइन, छोटं असेंब्ली युनिट. ऑफिसात नगांऐवजी फाइली आणि तक्रारी मोजाव्या लागतात, बाकी बरंचसं तेच. अभ्यासक्रमात हे सिद्धांत सालांच्या क्रमाने येतात: टेलर १९११, मॅस्लो १९४३, हर्झबर्ग १९५९ असे. शॉपवर तो क्रम कामाचा नाही. तिथे आधी मोजायचं, मग कुठे तुटलंय ते शोधायचं, मग रोजची कटकट काढायची, मग न्याय, लक्ष्य, कामाची रचना, आणि सगळ्यात शेवटी पैसा. पैशापासून सुरुवात केली तर खर्च होतो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

पायरी १: दोन आठवडे फक्त लिहा

एक साधी वही घ्या. प्रत्येक मशीनला दर शिफ्टला एक ओळ: चांगले नग, रिजेक्शन, रिवर्क (पुन्हा दुरुस्त करावे लागलेले नग), माणूस किती वाजता उभा राहिला, आणि मशीन किती मिनिटं कशामुळे थांबलं. कारणांना अक्षरं ठरवा. म म्हणजे मटेरियल नाही, ट म्हणजे टूल किंवा इन्सर्ट (टूलचं बदलता येणारं पातं) नाही, से म्हणजे सेटरची, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याची वाट, इ म्हणजे पहिल्या नगाच्या इन्स्पेक्शनची वाट, ब म्हणजे बिघाड, मा म्हणजे माणूस स्वतःहून थांबला.

आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० मिनिटं आणि चहाची १०-१० मिनिटं काढली की ४३० उरतात. त्यातली ९० मिनिटं "इ"मध्ये जात असतील तर एकवीस टक्के वेळ इन्स्पेक्टरच्या टेबलासमोर जातो, आणि तुम्ही ऑपरेटरच्या वृत्तीबद्दल मीटिंग घेत असता. कामचलाऊ नियम असा: एकूण थांबलेल्या वेळात "मा"चा वाटा एक तृतीयांशापेक्षा कमी असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी स्टोअर, टूल क्रिब (टूल देण्याची जागा) आणि इन्स्पेक्शन सुधारा.

हे नुसतं मत नाही. मुंबईच्या उत्तरेला तारापूर आणि उंबरगावच्या पट्ट्यातल्या कापड कंपन्यांवर निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. १७ कंपन्या, २८ प्लांट. काहींना सल्लागार देऊन ३८ साध्या पद्धती बसवायला मदत केली: दोषांची रोज नोंद, मशीनची ठरावीक देखभाल, सुताचा साठा नीट लावणं, कोणाचं काम काय हे ठरवणं. प्रोत्साहनाच्या पद्धतीही यादीत होत्या, पण मोठा भाग या घरगुती शिस्तीचा होता. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

नोंदींमध्ये दोन खड्डे असतात. पहिला म्हणजे तुम्ही वही घेऊन उभे राहिलात की आकडा थोडा वर जातो. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून उजेडाचे प्रयोग झाले, तेव्हा दिवे बदललेल्या गटाबरोबर न बदललेल्या गटाचंही उत्पादन वाढलं होतं. त्या निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली, तरी सावधगिरी म्हणून पहिले तीन-चार दिवस हिशेबात धरू नका.

दुसरा खड्डा खोल आहे. त्याच कारखान्यात १९३१-३२ मध्ये वायरिंग करणाऱ्या १४ जणांच्या खोलीचं निरीक्षण केलं गेलं. दिवसाचं काम किती, हे त्या लोकांनी आपसात ठरवलेलं होतं, आणि ते झेपेल त्यापेक्षा कमी होतं. जास्त करणाऱ्याला टोमणे, प्रसंगी दंडावर ठोसा. जास्त काढलं तर रेट कापतील किंवा माणसं कमी करतील, ही त्यामागची भीती. तुमच्या वहीत चांगल्या-वाईट दिवशी, जुन्या-नव्या मशीनवर सगळ्यांचा आकडा ५० ते ५२ मध्येच अडकलेला दिसला, तर तो आकडा मशीनचा नाही, गटाने ठरवलेला आहे. अशा ठिकाणी एकेकट्याला बक्षीस लावलं की बक्षीस घेणारा एकटा पडतो आणि महिन्याभरात पुन्हा ५२ वर येतो.

पायरी २: साखळी कुठे तुटली ते विचारा

निदानासाठी आम्ही व्हिक्टर व्रूमचा १९६४ चा अपेक्षा सिद्धांत पहिल्यांदा उचलायला सांगतो. माणूस जोर लावतो की नाही हे तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतं. मी मेहनत केली तर काम होईल का? काम झालं तर काही मिळेल का? आणि जे मिळेल ते मला हवंय का? बेरीज असती तर एक कमी असलेलं दुसऱ्याने भरून निघालं असतं. गुणाकारात एक शून्य झालं की सगळं शून्य. नग निघतील याची खात्री ०.९, बक्षिसाची हौस ०.९, पण "मागच्या वेळी सांगितलेलं मिळालं नाही" म्हणून मधला आकडा ०.१. उत्तर ०.०८. इथे बक्षिसाची रक्कम दुप्पट करून काहीही हलणार नाही.

हे आकडे कुणाला विचारायचे नसतात. दर माणशी १५-२० मिनिटं, शिफ्ट सुटताना नाही तर सुरुवातीला, आणि केबिनमध्ये नाही तर मशीनपाशी बोलायचं. प्रश्न असे:

"काका, या जॉबचे दिवसाला साठ निघतील असं वाटतं का? कुठे अडतं?"

"साठ काढले तर पुढे काय होतं? कुणाच्या लक्षात येतं का?"

"इथे काय मिळालं तर बरं वाटेल? पगार सोडून सांगा, पगाराचं मी वेगळं विचारतो."

पहिल्यावर "सेटिंगच हलतं" असं उत्तर आलं तर उपाय प्रशिक्षण किंवा देखभाल. दुसऱ्यावर नुसतं हसू आलं तर उपाय दिलेला शब्द पाळणं. तिसऱ्याची उत्तरं सगळ्यात वेगवेगळी असतात: कुणाला ओव्हरटाइम हवा, कुणाला मुळीच नको, कुणाला गणपतीत गावी जायला सलग चार दिवस, कुणाला सीएनसी शिकायला. दोन बोलण्यांतच लक्षात येतं की सगळ्यांना एकच बक्षीस लावणं किती वाया जातं.

डिप्लोमा करून आलेला चोवीस वर्षांचा सुपरवायझर आणि वीस वर्षं मशीनवर काढलेला ऑपरेटर, ही जोडी आपल्याकडे नेहमीची. "तुम्ही" म्हणा, आडनावाला भाऊ, काका, मामा जे तिथे चालतं ते लावा, आणि चूक दाखवायची तर दोघंच असताना. चारचौघांत पाणउतारा झालेला माणूस पुढे तुम्हाला खरी अडचण सांगत नाही आणि ही पायरी कायमची बंद होते.

पायरी ३: रोजची कटकट काढा

फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंटना विचारलं की नोकरीत फार बरं कधी वाटलं आणि फार वाईट कधी. १९५९ मध्ये आलेला निष्कर्ष असा: वाईट वाटायला लावणाऱ्या गोष्टी आणि बरं वाटायला लावणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या निघतात. नियम, देखरेख, पगार, कामाची जागा, सहकाऱ्यांशी संबंध हे बिघडले की माणूस वैतागतो. सुधारले की वैताग थांबतो, एवढंच. मन लागतं ते कामात काही साधल्याने, त्याची दखल घेतल्याने, जबाबदारीने आणि पुढे जाण्याने.

या सिद्धांतावरचा आक्षेपही लक्षात ठेवा. चांगलं झालं की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि वाईट झालं की दोष कंपनीला, त्यामुळे अशा मुलाखतीत दोन वेगळे ढीग पडणारच. शिवाय ते सगळे पांढरपेशे होते. हातावर पोट असणाऱ्या हेल्परच्या बाबतीत पगार फक्त "वैताग थांबवणारा" आहे असं म्हणणं धाडसाचं. तरी यादी म्हणून हर्झबर्ग फार उपयोगी, कारण ती सुपरवायझरच्या हातातल्या गोष्टी समोर आणते.

पहिल्या ३० दिवसांत करायचं ते असं. पगार ठरल्या तारखेला. कायद्याने मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यावा लागतो आणि लोकांना ती ७ तारीख पाठ असते. ओव्हरटाइमचे तास आठवड्याला भिंतीवर, म्हणजे महिनाअखेरचा वाद पाच मिनिटांत मिटतो. हातमोजे आणि सेफ्टी शूज मागितल्यावर त्याच शिफ्टमध्ये. पिण्याचं पाणी, पंखा, संडासाची कडी. ही कडी हास्यास्पद वाटते, पण महिला पॅकिंग लाइनवर असतील तर गैरहजेरीच्या कारणांत ती वरच्या नंबरला असू शकते आणि कुणी तोंडाने सांगणार नाही. सुट्टीच्या अर्जाला ४८ तासांत हो किंवा नाही, "बघू" नाही.

नवे लोक इथे एक चूक करतात. कँटीन सुधारलं, पंखे लावले आणि मग उत्पादन वाढायची वाट पाहिली. ते वाढत नाही. गैरहजेरी आणि सोडून जाणं कमी होतं, आणि त्यासाठीच हे करायचं. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. कायद्याने पात्र असलेल्याला किमान ८.३३ टक्के द्यावेच लागतात, त्यामुळे तो मिळाल्याने कुणी जास्त नग काढत नाही. उशिरा मिळाला तर मात्र नोव्हेंबरभर कळतं.

मॅस्लोबद्दल इथेच दोन वाक्यं. गरजांच्या पाच पातळ्या (शरीराच्या गरजा, सुरक्षितता, आपुलकी, मान, स्वतःचा विकास) त्याने १९४३ च्या लेखात मांडल्या. पिरॅमिडचं चित्र त्याचं नाही, नंतर इतरांनी काढलं, आणि खालची पायरी पूर्ण झाल्याशिवाय वरची सुरू होत नाही असं शॉपवर दिसतही नाही. पगार तुटपुंजा असलेल्या माणसालाही मान हवा असतोच, तेव्हा ते चित्र परीक्षेपुरतं ठेवा.

पायरी ४: न्याय, आणि तो दिसला पाहिजे

जॉन स्टेसी अ‍ॅडम्सने १९६३ मध्ये मांडलेला समतेचा सिद्धांत साधा आहे. माणूस स्वतःची मेहनत आणि मिळकत यांचं गुणोत्तर शेजाऱ्याच्या गुणोत्तराशी लावून बघतो. कमी भरलं की तो मेहनत कमी करतो, जास्त मागतो, सोडून जातो, किंवा तुलनेसाठी दुसरा शेजारी शोधतो. सगळ्यात सोपं म्हणजे मेहनत कमी करणं, म्हणून तेच सगळ्यात जास्त होतं.

याची नेमकी चाचणी ओडिशात झाली. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांनी ३७८ कामगारांना तीन-तीनच्या गटांत कामाला घेतलं. काही गटांत तिघांना सारखी मजुरी, काहींत आधीच्या कामगिरीनुसार थोडी कमी-जास्त. फरक असलेल्या गटांत उत्पादन घटलं आणि हजेरी १८ टक्केबिंदूंनी खाली आली. म्हणजे आपली दिवसाची मजुरी सोडून माणसं घरी बसली. पण जिथे कोण किती काढतो हे सहज दिसत होतं, तिथे मजुरीतल्या फरकाचा असा परिणाम दिसला नाही. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि नव्या सुपरवायझरने एकच अभ्यास वाचायचा असेल तर हा वाचावा.

त्यातून निघणारं काम असं. पगारवाढ गुप्त ठेवून काही साधत नाही. ती दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कळते, फक्त कारण कळत नाही. म्हणून कारण आधी भिंतीवर लावा. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत मशीन आणि कामं, प्रत्येक चौकोनात ० ते ४: शिकतोय, मदतीने करतो, स्वतः करतो, सेटिंग करतो, दुसऱ्याला शिकवतो. दर तीन महिन्यांनी ज्याचा त्याला विचारून आकडे बदला. मग ग्रेडच्या अटी लिहा. उदाहरणार्थ दुसऱ्या ग्रेडचा ऑपरेटर: तीन मशीन स्वतः चालवतो, पहिला नग मायक्रोमीटर आणि बोअर गेजवर स्वतः तपासतो, मागच्या सहा महिन्यांत रिजेक्शन १ टक्क्याच्या आत. "वृत्ती चांगली", "कंपनीशी निष्ठा" असल्या अटी लिहू नका. त्या मोजता येत नाहीत आणि साहेबाच्या गावचा कोण, या चर्चेला तिथूनच तोंड फुटतं.

सगळ्यात अवघड प्रश्न कंत्राटी कामगारांचा. एकाच लाइनवर पर्मनंट आणि ठेकेदाराचा माणूस तोच नग काढतात, पगारात मोठा फरक असतो, आणि तो बदलणं तुमच्या हातात नसतं. खोटी समजूत घालू नका. तो हिशेब त्याला तुमच्यापेक्षा चांगला येतो. पगाराबाहेरचा फरक मात्र बराचसा तुमच्या हातात आहे: एकच कँटीन, तसेच बूट, लॉकर, पावसाळ्यात तसाच रेनकोट, कौशल्याच्या तक्त्यावर नाव, आणि "ए ठेकेदारवाले" ऐवजी नावाने हाक. पर्मनंटची जागा निघेल तेव्हा तक्त्यावरून निवडणार असाल तर तसं सांगा, आणि एकदा तरी निवडून दाखवा. एकदाही न निवडता हे सांगत राहिलात तर व्रूमच्या गुणाकारातला मधला आकडा शून्य होतो.

पायरी ५: लक्ष्य द्या, पण नीट

"जास्तीत जास्त काढा" हे लक्ष्य नाही. एडविन लॉकने १९६८ पासून आणि पुढे गॅरी लॅथमबरोबर दाखवलं की नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य असेल, ते माणसाने मान्य केलं असेल आणि आपण कुठे आहोत हे त्याला दिसत असेल, तर काम वाढतं. १९७५ चा एक अभ्यास ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा. ट्रक कायदेशीर वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात होते. लक्ष्य ठेवलं ९४ टक्के. जास्तीचे पैसे नाहीत, आणि गाठलं नाही तर शिक्षाही नाही. आकडा वर गेला, मग दुसऱ्या महिन्यात खाली आला. शिक्षा नाही हे खरं का, हे ड्रायव्हर बघत होते. कुणी काही केलं नाही, आणि पुढे आकडा ९० च्या वर जाऊन तिथेच राहिला. दुसऱ्या महिन्यात कुणी आरडाओरडा केला असता तर प्रयोग तिथेच संपला असता.

आकडा काढायची पद्धत: मागच्या दोन आठवड्यांतले १२ दिवस चढत्या क्रमाने लावा. मधला आकडा ५२ आणि सर्वांत चांगला दिवस ६४ असेल तर लक्ष्य ५८ च्या आसपास, म्हणजे जे बारा दिवसांत तीन-चार वेळा झालेलं आहे. ६४ ठेवलं तर दोन दिवसांत लोक सोडून देतात. पांढरा फळा मशीनपाशी, दर दोन तासांनी ऑपरेटरने स्वतः आकडा लिहायचा, शेजारी चुकला तर कारणाचं अक्षर. तुम्ही लिहिलंत तर ती पाळत, त्याने लिहिलं तर त्याची नोंद.

बिघडण्याच्या जागा तीन. फक्त नग मोजलेत तर बर (कापल्यावर कडेला राहणारी धातूची कुसळं) तशीच राहते आणि रिजेक्शन पुढच्या विभागात जातं. म्हणून लक्ष्य नेहमी "चांगले नग" असं लिहा. नवीन माणसाला पहिले तीन-चार आठवडे नगाचं लक्ष्य देऊ नका. अवघड काम शिकताना आकड्याचं दडपण शिकणंच बिघडवतं. त्याऐवजी "या आठवड्यात ऑफसेट (मशीनवर टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः देता आला पाहिजे" असं शिकण्याचं लक्ष्य द्या. आणि तिसरी, सगळ्यात महाग चूक: ५८ गाठलं की पुढच्या सोमवारी ६४. एकदा हे केलंत की हॉथॉर्नची खोली तुमच्याकडे तयार झालीच. लक्ष्य बदलायचं ते मशीन, फिक्स्चर (नग पकडून ठेवणारी जोडणी) किंवा पद्धत बदलल्यावरच, आणि हे आधी जाहीर करून.

पायरी ६: कामाची रचना बदला

इथे खरा फायदा असतो आणि इथेच सगळ्यात कमी लोक पोचतात. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७० च्या दशकात कामाचे पाच गुण मोजायची पद्धत दिली: कौशल्यांची विविधता, काम अखंड आहे का, त्याचं महत्त्व, स्वतः ठरवायची मुभा, आणि कामातूनच मिळणारा निकाल. प्रत्येकाला १ ते ७ गुण. पहिल्या तिन्हींची सरासरी काढा, तिला मुभेने गुणा, मग निकालाने गुणा. जास्तीत जास्त ३४३.

ब्रेकच्या पार्टवर फक्त लोडिंग-अनलोडिंग करणारा माणूस घ्या. विविधता २, अखंडता २, महत्त्व ५, सरासरी ३. मुभा २, निकाल २. तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे १२. आता त्याच माणसाला दर दहाव्या नगाचं माप घ्यायला, इन्सर्ट बदलायला आणि ऑफसेट द्यायला शिकवलं, आणि कामाचा क्रम स्वतः लावायला दिला. विविधता ४, अखंडता ४, महत्त्व तेच ५, सरासरी ४.३. मुभा ४, निकाल ५. उत्तर ८६ च्या पुढे. मशीन तेच, पगार अजून तोच. निकालाचा गुण २ वरून ५ झाला, कारण आपला नग बरोबर की चूक हे त्याला आता दुपारी इन्स्पेक्शनकडून नाही, हातातल्या मायक्रोमीटरवर कळतं. पायरी १ मधलं "इ" चं थांबणंही इथे कमी होतं.

आपल्याकडचं उदाहरण अहमदाबादच्या कॅलिको मिलचं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संशोधन संस्थेचा ए. के. राइस तिथे १९५३ मध्ये स्वयंचलित मागांच्या खात्यात आला, तेव्हा २२४ मागांवर २९ माणसं १२ वेगवेगळ्या कामांत वाटलेली होती. धागा जोडणारा वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. कुठल्या मागाला कोण जबाबदार, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. छोटे गट केले, प्रत्येक गटाकडे ठरावीक माग दिले, गटातली कामं गटाने वाटून घ्यायची. कामगारांनी कल्पना उचलून धरली आणि गट स्वतःच पाडले. उत्पादन वाढलं, कापडातले दोष कमी झाले.

आपल्या युनिटमध्ये सुरुवात एका लाइनपासून, आठ आठवड्यांसाठी. पहिले दोन आठवडे मोजमापाचं प्रशिक्षण, पुढचे दोन इन्स्पेक्टर दुहेरी तपासणी करेल, त्यानंतर इन्स्पेक्टर फक्त नमुने बघेल. मुभा देताना हद्द लिहून द्या: ऑफसेट ०.०५ मिलिमीटरपर्यंत ऑपरेटर बदलेल, त्यापुढे सेटर. हद्द नसेल तर पहिल्या लॉट रिजेक्शननंतर घाबरून सगळं काढून घेतलं जातं, आणि ते आधीपेक्षा वाईट.

प्रत्येकाला हे हवंच असतं असं नाही. काही जणांना आठ तास शांत एकच काम करून शेतावर किंवा क्लासला जायचं असतं. तेही मान्य करा. आणि काम वाढवून ग्रेड तोच ठेवलात तर तीन महिन्यांत अ‍ॅडम्स आठवेल: "इन्स्पेक्टरचं काम आमच्याकडून फुकट."

पायरी ७: आता पैसा

अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरने १९११ च्या पुस्तकात सांगितलेला किस्सा प्रसिद्ध आहे. लोखंडाचे तुकडे वाहणारा मजूर दिवसाला १२.५ टनांवरून ४७.५ टनांवर गेला, मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५. काम ३.८ पट, पैसे १.६ पट. मालकांना पहिला आकडा आठवतो, कामगारांना दुसरा.

पैसा चालतो, पण अटींवर. काम मोजता येतं, आकडा माणसाच्या हातात आहे, आणि मागच्या सहा पायऱ्यांतलं काही उघडं पडलेलं नाही. एक नमुना: सहा जणांची लाइन, मागच्या तीन महिन्यांची सरासरी शिफ्टला ४८० चांगले नग. त्यावरच्या प्रत्येक चांगल्या नगाला गटाला ६ रुपये. आज ५३० निघाले, ५० गुणिले ६, ३०० रुपये, माणशी ५०. रिवर्कचे नग धरायचे नाहीत. मटेरियल नसल्याने किंवा बिघाडाने थांबलेल्या वेळेचे नग त्या ४८० च्या पायथ्यातून वजा, नाहीतर स्टोअरच्या चुकीचा भुर्दंड लाइनला पडतो. हिशेब रोज फळ्यावर, पैसे दर आठवड्याला किंवा पगाराबरोबर वेगळ्या ओळीत. किमान सहा महिने दर बदलणार नाही, हे लेखी.

गटाला द्यायचं की एकेकट्याला? एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून असेल तर गटाला, आणि गट आठ-दहापेक्षा मोठा नको, नाहीतर आपल्या मेहनतीचा वाटा दिसेनासा होतो. वेगळ्या मशीनवर वेगळा जॉब असेल तर एकेकट्याला चालतं. मेंटेनन्स आणि टूलरूमला नगावर बक्षीस लावू नका.

ज्या कामात माणसाला मुळात रस आहे तिथे जपून. एडवर्ड डेसीने १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी दिली. सोडवल्याबद्दल पैसे मिळालेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावर रिकाम्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. फक्त शाबासकी मिळालेले जास्त. सुधारणेच्या सूचनेला दर सूचना ५० रुपये लावलेत तर महिनाभर ढीगभर फालतू सूचना येतील आणि मग एकही नाही. तिथे सूचना दोन आठवड्यांत अमलात आणणं आणि फिक्स्चरला तिच्या मालकाचं नाव देणं जास्त टिकतं. शाबासकीही नेमकी हवी. "छान काम" नको. "काल तो बोअर टेपर जातोय हे तुम्ही तिसऱ्याच नगाला पकडलंत, म्हणून लॉट वाचला," तेही त्याच शिफ्टमध्ये.

दंडाचं गणित वेगळंच फसतं. इस्रायलमधल्या हैफा शहरात पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर जवळजवळ दुप्पट झाला आणि दंड काढल्यावरही उतरला नाही. आधी उशिराची लाज वाटायची, आता त्याला भाव होता. दहा मिनिटं उशिराला अर्धा दिवस कापणाऱ्या युनिटमध्ये उशीर होणारा माणूस अर्धा दिवस येतच नाही. शिवाय पगारातून दंड कापण्यावर कायद्याची बंधनं आहेत, एचआरला विचारल्याशिवाय असं काही जाहीर करू नका.

बढतीच्या वेळी

सगळ्यात जास्त नग काढणाऱ्याला चार्जहँड (लाइनचा प्रमुख) करणं ही नेहमीची पद्धत. डेव्हिड मॅक्लेलंडने माणसांच्या ओढी तीन सांगितल्या: काही साधण्याची, लोकांवर प्रभाव पाडण्याची, आणि लोकांत मिसळून राहण्याची. पहिली शिकवून वाढवता येते का, हे त्याने १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापारी-उद्योजकांवर प्रशिक्षण देऊन तपासलं होतं. शॉपवर याचा अर्थ असा की साधण्याची ओढ फार असलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हाती काम सोडवत नाही. तो स्वतःच मशीनवर उभा राहतो आणि लाइन वाऱ्यावर. त्याला अवघड जॉब, नवीन मशीन, टूल ट्रायल द्या, ग्रेड वाढवा. चार्जहँड करण्याआधी कुणालाही दोन महिने एका नवीन मुलाला शिकवायला द्या. मुलगा दोन महिन्यांत कुठे पोचला ते तक्त्यावर दिसतं.

तीन महिन्यांनी काय बघायचं

पायरी १ ची वही पुन्हा दोन आठवडे लिहा आणि चार आकडे शेजारी ठेवा: माणशी चांगले नग, रिजेक्शनची टक्केवारी, न सांगता गैरहजेरी, आणि सोडून गेलेली माणसं. नग वाढले पण रिजेक्शनही वाढलं तर लक्ष्य चुकीचं लिहिलंय. गैरहजेरी कमी झाली पण नग तेवढेच तर पायरी ३ झाली, ५ आणि ६ व्हायच्या आहेत. सगळं सुधारलं आणि एकच माणूस मागे राहिला, तर त्याला बक्षीस किंवा दम देण्याआधी बोला. रात्रपाळीची झोप, घरातलं आजारपण, उचल आणि सावकार, दारू, यांपैकी काही असेल तर ते प्रेरणेच्या कुठल्याच सिद्धांतात बसत नाही. त्याची पाळी बदलता येते, सुट्टी देता येते, ईएसआय (कामगारांची सरकारी आरोग्य विमा योजना) लागू असेल तर तिथे पाठवता येतं, आणि त्याचं नाव फळ्यावरच्या तुलनेतून काही दिवस काढता येतं.